गिलावा नसलेल्या भिंती

ब्रायटन, इंग्लंड,
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. इथला वारा बोचरा, पण आईची शाल रोज अंगावर असते. आजचं पत्र मुद्दाम बाबांसाठी आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, गिलावा झाला की गवंड्याची चूक झाकली जाते, हे तुम्ही साइटवर किती वेळा म्हणायचात! आज अशी इमारत पाहिली, जिच्या भिंतींना आत गिलावाच नाही. वर छपरापर्यंत उघडी वीट. स्टेशनच्या उताराखाली, सेंट बार्थोलोम्यू नावाचं चर्च. उंची १३५ फूट, लांबी १७० आणि रुंदी ५८ फूट. आणि एवढ्या रुंदीत मधे एकही खांब नाही! भिंतींना आधार देणारे धिरे बाहेर न काढता आतल्या बाजूला घेतलेत, त्यामुळे दोन्हीकडे उथळ कोनाडे तयार झालेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मुख्य दालनाहूनही हे उंच आहे. इथली माणसं याला नोहाची नौका म्हणतात.

बांधलं कुणी, तर फादर आर्थर वॅग्नर यांनी. त्यांचे वडील ब्रायटनचे मुख्य धर्मगुरू, घराणं पैसेवालं. वडील १८७० मध्ये वारले आणि मुलाने पैसा चर्च बांधण्यात ओतला. लंडनहून येणारी रेल्वे १८४१ मध्ये आली, मग इंजिनांचा कारखाना आला आणि या उतारावर कामगारांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. त्या काळी कितीतरी चर्चमध्ये बाकांचं भाडं भरावं लागे, चांगली जागा पैसेवाल्यांची. गरिबाने भाडं न देता बसावं, हा वॅग्नरांचा आग्रह. गरिबांसाठी त्यांनी शेकडो घरंही बांधली. एडमंड स्कॉट या इथल्याच वास्तुविशारदाने आराखडा केला आणि ८ सप्टेंबर १८७४ रोजी हे चर्च खुलं झालं. एवढी उंच वास्तू श्रीमंतांच्या समुद्रकाठी न बांधता या वस्तीत बांधली, हे मला फार मोठं वाटतं.

तरी गावाने त्यांना सुखाने जगू दिलं नाही. धूप, मेणबत्त्या, पापाची कबुली ऐकणं हे रोमचे, म्हणजे कॅथलिक पंथाचे प्रकार आहेत, असा इथल्या प्रोटेस्टंट लोकांचा राग. त्यात १८६५ साली कॉन्स्टन्स केंट नावाची मुलगी, पाच वर्षांपूर्वी आपल्या लहान सावत्र भावाचा खून केल्याची कबुली द्यायला पुढे आली. ती वॅग्नरांच्याच आश्रमात राहत होती. कोर्टात त्यांना विचारलं, तेव्हा त्यांच्यापुढे दिलेल्या पापाच्या कबुलीत तिने काय सांगितलं ते सांगायला त्यांनी ठाम नकार दिला. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. एवढं सोसूनही नऊ वर्षांनी हा डोंगर उभा केला.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोळे वरच जातात. मग पुढे वेदी दिसते. चर्चमध्ये ती सहसा पूर्वेला असते, इथे उत्तरेला आहे. वेदीमागचा भाग पुढे बांधायचा बेत होता, तो राहिला. म्हणून मागे नुसती सपाट भिंत. पुढे हेन्री विल्सन या कलाकाराने तिच्यापुढे संगमरवराचं ४५ फुटी छत्र उभारलं, हिरव्या दगडाचं व्यासपीठ केलं, चांदीची एक वेदी घडवली. सगळं देखणं आहे. पण खरं सांगू? मला त्या साध्या विटेसमोरच थांबावंसं वाटलं. सोनंचांदी बघायला मान खाली करावी लागते, विटेकडे बघायला वर.

वॅग्नर १९०२ मध्ये गेले. वस्तीतली जुनी घरं बरीचशी पाडली, आजूबाजूला नव्या इमारती आल्या. चर्च मात्र लांबून आजही दिसतं.

मी एका धिऱ्याजवळ उभी राहून विटांचे थर मोजायला लागले. शंभरएक झाले आणि मान अवघडली. परांचीवर तुम्ही दिवसभर कसे उभे राहायचात, बाबा?

विटांच्या सांध्यांचे फोटो जवळून काढलेत, दादाच्या फोनवर पाठवते. नीट बघा आणि सांगा, सांध्यात चुना आहे की नंतर कुणी सिमेंट भरलंय? मला तरी कळलं नाही. आईला सांगा, लोणचं पोचलं.

तुमची,
मनू