सात वॉटचा डबा

मामाचं गाव, पाटणच्या वर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

माझा घरी जोडलेला हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोक लायसन्स घेऊन ज्यावर एकमेकांशी बोलतात तो, त्याबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "सात वॉटमध्ये काय होतं रे, खेळणं आहे ते," आणि लगेच तुझी मीटिंग सुरू झाली म्हणून फोन ठेवलास. माझं उत्तर तोंडातच राहिलं आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय. इथे रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर येते, तिथे उभं राहून एवढं सगळं बोलणं होणार नाही म्हणून लिहायलाच बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी डब्याचं सांगतो, कारण तू तो अजून हातात घेतलेला नाहीस. आईचा फराळाचा चौकोनी स्टीलचा डबा होता ना, करंज्यांचा, तोच. २०१७ मध्ये बिटएक्स फोर्टीचा, म्हणजे चाळीस मीटरच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या सेटचा, बोर्ड मागवला, तेव्हा बाजारात मनासारखं कॅबिनेट मिळेना आणि आई म्हणाली हा घे, झाकण सैल झालंय. स्टीलला भोकं पाडताना दोन ड्रिल बिट मोडले, ॲल्युमिनियम असतं तर दहा मिनिटांत झालं असतं, पण आता तो डबा सोडवत नाही. पुढच्या बाजूला निळा दोन ओळींचा डिस्प्ले, एक ट्यूनिंगचं बटण, एक आवाजाचं, मागे अँटेनाचं बीएनसी आणि बॅटरीचं सॉकेट, बास. माईकची कॅप्सूल एका जाड मार्करच्या रिकाम्या नळीत बसवलीय आणि पीटीटीचं, म्हणजे दाबून बोलायचं, बटण त्यालाच. सगळा मिळून किलोभर नसेल. बॅटरी आधी यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची होती, ती एकटीच दोन किलोच्या वर, आता सहाची लिथियम फॉस्फेट घेतली, ती पाऊण किलोची आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये हे सगळं, वर पाण्याची बाटली आणि भाकरी, तरी जागा उरते.

आणि हे डिझाइन आपल्याकडचं आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हैदराबादचे अशहर फरहान, कॉल साइन (हवेतली हॅमची ओळख) व्हीयूटूईएसई, त्यांनी २००३ च्या सुमाराला पहिला बिटएक्स मांडला आणि सर्किट सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. विचार असा की साध्या दुकानात मिळतील तेच पार्ट वापरायचे, टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळायची कडी, मिळत नाही तर नळाच्या तोटीतला वॉशर घ्या आणि त्यावर कॉइल गुंडाळा! आपण कॉलेजात असताना परदेशी सर्किटं बघून कसे हात चोळत बसायचो आठवतं का, अमुक क्रिस्टल नाही, तमुक कोअर नाही. नंतर तयार बोर्ड निघाले, तेव्हा त्यांच्या कॉइल गुंडाळायचं काम बायकांच्या एका गटाकडे होतं. माझ्या बोर्डवरचे ते लालपिवळे टोरॉइड बघताना मला दर वेळी वाटतं, कुणीतरी एकेक वेढा मोजून घातलाय.

आत गंमत काय आहे सांगतो, तुला आवडेल. घेताना आणि पाठवताना सिग्नल त्याच वाटेने जातो. आपला एकेरी घाट असतो ना, एकदा वरच्या गाड्या सोडायच्या, मग खालच्या, तसं. ऐकताना सिग्नल अँटेनाकडून आत येतो, बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल फिल्टरमधून गाळून स्पीकरला, आणि पीटीटी दाबलं की रिले खट्ट करतो आणि तुझा आवाज त्याच फिल्टरमधून उलटा बाहेर. एकच फिल्टर, तेच फ्रीक्वेन्सी बदलणारे मिक्सर, म्हणून पार्ट निम्मे आणि किंमत कमी. शेवटी एक आयआरएफ ५१०, पॉवर सप्लायमध्ये वापरतात तसला साधा मॉसफेट ट्रान्झिस्टर, तो बारा व्होल्टवर साताच्या आसपास वॉट काढतो.

त्या मॉसफेटचं एक प्रकरण झालं, तेही सांगून टाकतो कारण तुझ्या हातूनही होऊ शकेल. गेल्या वर्षी असाच अंधारात बॅटरी लावत होतो, टॉर्च तोंडात, आणि प्लस मायनस उलटे लागले. फ्यूज मी टाकतो टाकतो म्हणत टाकलाच नव्हता. एक बारीक चर्र आणि जळका वास, पोटात गोळाच आला रे. रात्रभर झोप नाही. पुण्याला गेल्यावर तपकीर गल्लीत आयआरएफ ५१० घेतला, दोन घेतले, जळलेला ट्रॅक वायरने जोडला, आणि बायसचा, म्हणजे मॉसफेटचा स्थिर करंट ठरवणारा, प्रीसेट आधी पूर्ण खाली आणून मग हळूहळू शंभर मिलिअँपिअरवर सेट केला. हे विसरायचं नाही, प्रीसेट वर राहिला तर नवा पण जातो. आता फ्यूज आहे, उलट्या दिशेने डायोड आहे आणि बॅटरीचा कनेक्टर एकाच बाजूने बसणारा आहे.

आता सात वॉटचं. तुझा माळ्यावरचा सेट शंभर वॉटचा. बरोबर? शंभर आणि सात यात फरक निघतो साडेअकरा डीबी, म्हणजे डेसिबल. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस मीटरचा एक काटा म्हणजे सहा डीबी, म्हणजे जिथे तू एस नाइन पोचतोस तिथे मी एस सेव्हन. जेमतेम दोन काटे! हे गणित आपल्याला परीक्षेआधी शिकवलेलं, पण मला ते खऱ्या अर्थाने इथे अंगणात कळलं. समोरच्याकडे आवाज शांत असेल तर एस सेव्हन म्हणजे आरामात गप्पा. आणि समोरच्याकडे सोसायटीतले चार्जर आणि एलईडी बल्ब एस नाइनने गुरगुरत असतील तर माझं सोड, तुझे शंभरही त्याला धड लागायचे नाहीत.

पुण्यात माझं तेच झालं होतं. गच्चीवर वायर ताणली, डबा लावला, आणि चाळीस मीटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती घरघर. शेजारच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली की वेगळी घरघर. दोन वर्षं मी समजत होतो की रेडिओच बहिरा आहे.

मग परवाच्या शुक्रवारी काय झालं ऐक. भात काढून झालाय, त्यामुळे मामा मोकळे होते. अंगणातल्या आंब्यावर दोरी टाकायची होती, मी दगडाला गळाचा नायलॉन दोरा बांधून चार वेळा भिरकावला, चारही वेळा खालच्याच फांदीत. मामा बघत होते, म्हणाले, "आरं थांब की जरा." आतून गोफण घेऊन आले, पाखरं हाकायची जुनी, दगड बसवला, दोन गिरक्या आणि सोडला, दोरा थेट शेंड्याजवळच्या बेचक्यातून पलीकडे! पंचाहत्तरीकडे आलेत रे. त्याच दोऱ्याने डायपोल अँटेनाचा मधला भाग आठ मीटरवर ओढून घेतला आणि दहा दहा मीटरचे दोन हात, साधी घरगुती फिटिंगची वायर, खाली कुंपणापर्यंत उतरवले. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळली ते, बघून दोन्हीकडून वीतभर कापलं की जमलं. चाळीस मीटरसाठी आठ मीटर म्हणजे उंची कमीच, पण कमी असली की सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि उंचावरच्या आयनोस्फिअर थरावरून पावसासारखा आजूबाजूच्या चार-पाचशे किलोमीटरवर पडतो, डोंगर मध्ये येत नाहीत. आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी डोंगर, म्हणजे हेच पाहिजे.

संध्याकाळी सातच्या सुमाराला ओट्यावर बसलो होतो. पुण्यापेक्षा बरं होतं पण वायरमनने नुकतेच गावात एलईडीचे दिवे बदललेत, त्यांची बारीक करकर होतीच. कानाला हेडफोन, मी हळूहळू ट्यून करतोय, आणि अचानक सगळं गप्प. एकदम. मला वाटलं झालं, पुन्हा मॉसफेट नाहीतर काहीतरी गेलं, हात डब्याकडे गेला, डिस्प्ले तर निळा पेटलेला. वर बघतो तर सगळं गाव अंधारात. लाइट गेली होती. देवळातला दिवा, समोरची पिठाची चक्की, टीव्ही, सगळं बंद, आणि त्यासरशी ती करकरही. हेडफोनमध्ये जी राहिली ती नुसती मऊ हवेसारखी सळसळ होती, आणि त्या सळसळीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं. अंगावर काटा आला. दोन मिनिटांपूर्वी त्याच फ्रीक्वेन्सीवरून मी गेलो होतो रे, काहीही नव्हतं तिथे.

फोर एस सेव्हन! श्रीलंका! कोलंबोचा माणूस सीक्यू देत होता, म्हणजे कुणी आहे का म्हणून हाक मारत होता. डब्याला एजीसी नाही हे तुला सांगितलंय का, म्हणजे जवळचं जोरदार स्टेशन आलं की कानठळ्या बसतात आणि बारीक आलं की आवाज स्वतः वाढवायचा, डावा हात कायम व्हॉल्यूमवर. तर आवाज पूर्ण वर केला, त्याचं बोलणं संपायची वाट बघितली आणि कॉल साइन दिली. दुसऱ्या वेळेला त्याने अर्धी उचलली. तिसऱ्या वेळेला पूर्ण. रिपोर्ट फाइव्ह अँड फाइव्ह, म्हणजे बोलणं स्पष्ट पण सिग्नल मध्यम, मध्ये मध्ये क्यूएसबी, म्हणजे आवाज वरखाली. मी पॉवर सांगितली तर तो म्हणाला, "सेव्हन्टी?" मी म्हटलं नाही, सेव्हन, घरातल्या बल्बपेक्षा कमी. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला परत सांग. इथून कोलंबो तेराशे किलोमीटर आहे. मामा शेजारी कंदील घेऊन उभे होते, त्यांना एका कानाला हेडफोन दिला, त्यांना इंग्रजी कळत नाही पण सगळं संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "त्यो समुद्रापल्याड, आन मधी काय बी न्हाई?" मी म्हटलं काही नाही, ना तार ना टॉवर. बराच वेळ त्या वायरकडे बघत होते.

रात्री जेवताना मामांनी कोयनेचा भूकंप काढला. ११ डिसेंबर १९६७, पहाट, ते तेव्हा पोरसवदा होते, सगळे अंगणात झोपायला लागले त्या दिवसापासून, आणि खालच्या गावात आपली माणसं जिवंत आहेत की नाहीत हे कळायला चालत जावं लागलं. मग मी त्यांना अंदमानचं सांगितलं. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद आणि त्यांची टीम पोर्ट ब्लेअरला निव्वळ छंद म्हणून सेट घेऊन गेली होती, जगभरच्या हॅमना अंदमानचा कॉन्टॅक्ट मिळावा म्हणून, आणि २६ तारखेला सुनामी आली. फोन गेले, तेव्हा त्याच सेटवरून त्यांनी लोकांचे निरोप पोचवले. मामी भाकरी थापत होती, तिने हात थांबवून विचारलं, "म्हंजे असला डबा आपल्याकडं हाय म्हन की आता." मी हो म्हटलं. पण खरं सांगू, मला ते हो म्हणताना जबाबदारी वाटली. सेट असून भागत नाही, रोज हात फिरला पाहिजे, कुठल्या वेळेला कुठपर्यंत ऐकू येतं हे अंगात भिनलं पाहिजे. सकाळी महाराष्ट्र-कर्नाटक स्वच्छ, दुपारी डी लेयर, आयनोस्फिअरचा खालचा थर, सिग्नल खाऊन टाकतो त्यामुळे फक्त जवळचं आणि तेही दमलेलं, आणि आता थंडीत रात्र चढली की गंमत म्हणजे पुणं गायब होतं आणि लांबचे ऐकू येतात. हे पुस्तकात वाचलेलं वेगळं आणि पंधरा दिवस वहीत लिहून काढलेलं वेगळं.

काल पोलीस पाटील पण येऊन गेले, झाडावर कसली वायर म्हणून. लायसन्सची झेरॉक्स सॅकमध्येच असते, दाखवली, त्यांनी नीट वाचली, मग तासभर बसून त्यांनी बंगळुरूचा एक माणूस ऐकला. नातवाला घेऊन येतो म्हणालेत. बारा वर्षं पूर्ण झाली की लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं हे ऐकून खूश झाले.

आता तुझं. तुझ्याकडे जनरल ग्रेडचं लायसन्स आहे लेका, मेसमध्ये स्टीलच्या ताटावर चमच्याने मोर्स वाजवत आपण मिनिटाला आठ शब्दांपर्यंत पोचलो होतो, त्यातला तू चांगला, मी रेटून पोचलेला. तुझा आजही हात बसलेला असणार. तो सेट माळ्यावर ठेवून तू म्हणतोस नागपुरात फ्लॅटमध्ये काय होणार, आणि माझ्या डब्याला खेळणं म्हणतोस, याचं मला वाईट वाटलं, रागावलो नाही पण वाईट वाटलं. तू फ्लॅटमध्ये ऐकूच नकोस ना. सेट खाली काढ, पॉवर पाचवर आण, गाडीच्या बॅटरीवर चालेल, आणि शहराबाहेर रामटेककडे कुठेतरी शेताच्या बांधावर एक वायर टाक. पाठवायची घाईच करू नकोस. पहिला अर्धा तास नुसता ऐक.

इथून नागपूर सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आत आहे, सकाळी चाळीस मीटरला ते अजिबात अवघड नाही. मी पुढचे दोन रविवार इथेच आहे. सकाळी साडेसातला ७.०९० मेगाहर्ट्झवर येईन, तिथे कुणी असेल तर पाच किलोहर्ट्झ वर-खाली बघ. मी दोन मिनिटं तुला बोलावेन आणि तीन मिनिटं गप्प बसून ऐकेन, असं आठपर्यंत. आवाजाने नाही जमलं तर तू मोर्सची की काढ आणि मोर्समध्ये पाठव, डबा तेही ऐकतो, हळू पाठव मात्र. मामांना सांगून ठेवलंय, ते म्हणाले त्या दिवशी दूध घालायला उशिरा जाईन.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच
डबेवाला मित्र

ता. क. फ्यूज टाक. दोन अँपिअरचा पुरतो मला, तुझ्या सेटला किती लागेल ते मॅन्युअलमध्ये बघून घे.