कवळी बसली, पण चावण्याचे काय?

महोदय,

वय वाढले की दात पडणारच आणि कवळी बसवली की प्रश्न मिटला, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु चावणे हे केवळ दातांचे नव्हे, तर गालातील व कानशिलावरील स्नायूंचेही काम आहे, आणि हातापायांच्या स्नायूंप्रमाणेच तेही उतारवयात बारीक होतात. सर्व दात गेलेल्यांमध्ये ही झीज अधिक आढळते. दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये दाबाची जाणीव देणारे चेतातंतू असतात. दातासोबत ती जाणीवही जाते, आणि हिरड्यांवर नुसती टेकलेली पूर्ण कवळी नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाव ताकदीने चावू शकते.

मग आजोबांच्या ताटात मऊ भात आणि दुधात कुस्करलेली भाकरी येते, अर्थात मायेपोटीच. मात्र शेंगदाणे, उसळी, काकडी, मटण ताटातून गेल्याने प्रथिने व चोथा कमी पडतो आणि कामच न उरलेले स्नायू आणखी दुबळे होतात.

जपानने १९८९ मध्ये ‘८० व्या वर्षी २० दात’ ही मोहीम सुरू केली आणि २०१८ मध्ये तोंडाच्या मंदावलेल्या कार्यक्षमतेचे निदान आरोग्य विम्याच्या कक्षेत आणले. आपल्या ज्येष्ठांच्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर आवर्जून तपासली जाते. तेथेच दंतवैद्यांनी चावण्याची क्षमताही पाहावी आणि सैल झालेली कवळी वेळीच दुरुस्त करून घेण्यास सांगावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

— एक ज्येष्ठ वाचक, सातारा