पिल्लानं काहीतरी गिळलंय असं वाटलं तर

नाशिक,
शनिवार

प्रिय सुधीर,

रविवारी पिल्लू घरी येतंय, फार छान. अंथरूण, खाणं, लसी यांबद्दल जे विचारलंस त्याची उत्तरं पुढच्या पत्रात. आज फक्त शेवटी तू ओझरता टाकलेला प्रश्न घेतो: ‘काही भलतंसलतं गिळलं तर मिठाचं पाणी पाजून ओकवायचं ना?’

नाही. हे आधी डोक्यातून काढ. आठ आठवड्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू साधारण पाच किलोचं असतं. कुत्र्याच्या पोटात किलोमागे दोन ग्रॅम मीठ गेलं की त्रास सुरू होतो, चारच्या आसपास जीव जाऊ शकतो. म्हणजे तुझ्या पिल्लाला आजारी पाडायला चहाचे दोन चमचे मीठ पुरे आहे. उलटी झाली नाही तर ते सगळं रक्तात उतरतं, मेंदूतलं पाणी ओढून घेतं आणि झटके येतात. मग मूळ विषापेक्षा मिठावरच उपचार करायची वेळ येते.

दुधाचंही तेच. ‘दूध विष मारतं’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. प्रत्यक्षात डांबरगोळ्या किंवा कापूर स्निग्ध पदार्थात विरघळतात, त्यामुळे दूध, तूप, तेल दिलं तर ते रक्तात लवकर शिरतात. शिवाय पुढे भूल द्यावी लागली तर भरलेलं पोट ही नवीनच अडचण. तेव्हा डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तोंडावाटे काहीही द्यायचं नाही.

मग करायचं काय? पिल्लाच्या तोंडात काही दिसलं तर त्याच्यामागे धावू नकोस. पाठलाग झाला की त्याला तो खेळ वाटतो आणि हातची वस्तू जाऊ नये म्हणून ते ती गिळूनच टाकतं. पनीरचा तुकडा नाकासमोर धर, सौदा कर. गिळून झालं असेल तर पिल्लाला त्या जागेपासून उचलून दुसऱ्या खोलीत ठेव आणि चार गोष्टी शोध: काय, किती, कधी, आणि पिल्लाचं वजन. वजनासाठी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहा, मग एकटा उभा राहा आणि वजाबाकी कर. ‘किती’ मोजताना वाईटात वाईट धर. दहा गोळ्यांच्या पट्टीत चार उरल्या असतील आणि दोन तूच घेतल्याचं नक्की आठवत असेल, तरच चार गेल्या म्हण, नाहीतर सहा. वेष्टन, पट्टी, चावलेला डबा, ओकारी झाली असेल तर तीही, सगळं पिशवीत भरून सोबत न्यायचं. लेबलावरचं व्यापारी नाव डॉक्टरांच्या फारसं उपयोगाचं नसतं; खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषध आणि त्याचं प्रमाण हवं असतं.

याला एकच अपवाद, घुसमट. पिल्लू खोकत असेल, आवाज काढत असेल तर हवा जातेय, हात लावू नकोस. आवाज बंद, पंजानं तोंड ओरबाडतंय, हिरड्या निळ्या पडताहेत, असं असेल तर तोंड उघडून बघ. वस्तू दिसली तरच बोटांनी काढ. न दिसता बोट घातलंस तर ती आणखी आत ढकलली जाईल. दिसत नसेल तर मागचे पाय उचलून डोकं खाली कर आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं पाच थापा दे. तरी निघाली नाही तर बरगड्यांच्या खाली पोटावर आत आणि वरच्या दिशेनं चटकन दाब. दर वेळी तोंडात बघायचं. हे करता करताच कुणाला तरी गाडी काढायला सांग.

आता ओकवण्याबद्दल. त्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच, आणि तोही सगळ्या गोष्टींत नाही. ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव जाताना अन्ननलिका भाजतं आणि परत येताना दुसऱ्यांदा भाजतं. रॉकेल, टर्पेंटाइन, डासांच्या मशीनच्या बाटलीतलं तेल हे पातळ असतं, ओकताना थेंबभर श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसाला सूज येते. फिनेलचाही भरवसा धरू नकोस. सुई, काच, टोकदार हाड वर येताना चिरत येतं. कापूर खाल्ला असेल तर काही मिनिटांतच झटका येऊ शकतो, आणि झटक्यात ओकारी म्हणजे ती छातीत गेलीच समज. पिल्लू झिंगलेलं, अर्धवट शुद्धीत असेल किंवा पगसारखं चपट्या नाकाचं असेल, तरीही नाही.

तुला कुणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवेलच. परदेशी लेखांत ते तीन टक्क्यांचं सांगितलेलं असतं, किलोमागे साधारण दोन मिलिलिटर आणि कुत्रा कितीही मोठा असला तरी ४५ मिलिलिटरच्या वर नाही. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जखमा धुवायची जी बाटली मिळते ती ‘२० व्हॉल्यूम’ म्हणजे सहा टक्क्यांची असते, दुप्पट तीव्र. ती तशीच पाजली तर जठराला जखमा होतात, रक्ताची उलटी होते. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, बाटली कितीची आहे ते तू त्यांना वाचून दाखवलंस आणि दवाखाना खरोखरच लांब असेल, तरच हा मार्ग. ठाण्यात राहणाऱ्यानं गाडी काढावी. दवाखान्यात ते इंजेक्शननं ओकवतात, वजनाप्रमाणे मात्रा मोजतात, आणि श्वास अडकला तर हाताशी ऑक्सिजन असतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उंदराच्या औषधात, कारण एकाच नावाखाली तीन वेगळी विषं येतात. काळपट पूड किंवा तिच्या गोळ्या असतील तर बहुधा झिंक फॉस्फाइड. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, म्हणून त्यावर पोळीचा तुकडासुद्धा द्यायचा नाही. अन्नानं आम्ल वाढतं, आम्लानं वायू. त्या ओकारीला लसूण किंवा सडक्या माशासारखा वास येतो आणि तो वायू माणसालाही बाधतो, तेव्हा गाडीच्या काचा खाली ठेव आणि दवाखान्यात शिरण्याआधीच सांग. निळ्या किंवा लाल वड्या असतील तर बहुधा ब्रोमाडायोलोन. इथे फसगत अशी की तीन-चार दिवस पिल्लू मजेत असतं, आणि मग रक्त गोठेनासं होतं. हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, शी काळी होते. लगेच नेलं तर उतारा आहे: व्हिटॅमिन के-१, साधारण तीन ते चार आठवडे रोज, आणि शेवटच्या मात्रेनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्ताची तपासणी. के-३ नावाचं स्वस्त इंजेक्शन इथे कामाचं नाही, दुकानदारानं ‘सारखंच आहे’ म्हटलं तरी घेऊ नकोस. तिसरं पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. त्यात पहिल्या उलट्या थांबल्या की बरं वाटल्याचा भास होतो आणि यकृत नंतर खलास होतं. रंगावरून फक्त अंदाज बांधता येतो, खरं सांगतं ते वेष्टनच. म्हणून सोसायटी औषध टाकणार असेल तेव्हा त्याच्या पाकिटाचा फोटो आधीच मागून ठेव.

रिमोटमधली चपटी बटण-बॅटरी हा दुसरा आणीबाणीचा प्रकार. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या त्वचेतून वीज वाहते आणि पाव-अर्ध्या तासात भाजायला सुरुवात होते. इथे वाट बघणं नाही, फोन करत करतच निघायचं. एक्स-रेमध्ये ती नाण्यासारखी दिसते, पण कडेला दुहेरी रेघ असते. पेन्सिल सेल नुसता चावून फोडला असेल तरी तोंड साध्या पाण्यानं बाजूनं धुऊन काढ आणि दाखव. आतल्या जखमा काही तासांनी उमटतात.

दोरा, मांजा, ऊन, साडीची झालर. तोंडातून किंवा शेपटीखालून टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेलं असतं, आतडं स्वतःला त्यावर चुण्या पाडत वर ओढतं आणि तू ओढलंस तर दोरा करवतीसारखा चिरतो. लोंबत असलेला भाग थोडा ठेवून कात्रीनं काप, म्हणजे ते आणखी चावणार नाही, आणि निघ. संक्रांतीच्या आसपास गच्चीवर सोडण्याआधी जमीन नीट बघत जा.

आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस हे आपले खास. कोय गुळगुळीत असल्यामुळे पिल्लू ती सहज गिळतं, आणि ती लहान आतड्यात जाऊन बूच बसल्यासारखी बसते. कोय, कणीस, मोजा, प्लास्टिक एक्स-रेमध्ये धड दिसत नाहीत, म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ यावर समाधान मानू नकोस, सोनोग्राफीचं विचार. वस्तू जठरात असेपर्यंत दुर्बिणीनं काढता येते, पुढे सरकली की पोट उघडावं लागतं. उशीर करायचा नाही तो याच्यासाठी.

स्वयंपाकघरात चॉकलेट सगळ्यांना माहीत असतं, पण हिशेब माहीत नसतो. त्यातल्या थिओब्रोमिनचं प्रमाण दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण दोन मिलिग्रॅम, काळ्यामध्ये पाच, कोको पावडरमध्ये वीसच्या आसपास. किलोमागे वीस मिलिग्रॅमला उलट्या, अस्वस्थपणा; चाळीस-पन्नासला हृदय बिघडतं; साठला झटके. म्हणजे पाच किलोच्या पिल्लानं दुधाचं पन्नास ग्रॅम खाल्लं तर ते सीमेवर, काळं पन्नास ग्रॅम खाल्लं तर थेट हृदयावर. द्राक्षं आणि बेदाण्यांना असा हिशेबच नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्यात जातात. दोष टार्टारिक आम्लाचा, आणि तेच चिंचेत भरपूर असतं. आमच्या नाशकात आणि तिकडे सांगलीत द्राक्ष-बेदाणा पायलीनं असतो, इथले लोक तो कुत्र्याला प्रेमानं भरवतात आणि चारदा खपून गेलं म्हणून पाचव्यांदाही देतात. कांदा-लसणानं तांबड्या पेशी फुटतात, पण ते दोन-चार दिवसांनी कळतं. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये ‘झायलिटॉल’ किंवा ‘९६७’ असं छापलंय का ते बघ. त्यानं रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळते. पिल्लू लटपटत असेल तर मध हिरड्यांना चोळ आणि पळ.

औषधांत काकूंचा डबा आधी उचल. त्यांची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची एक गोळीसुद्धा पिल्लाची साखर उतरवते. पॅरासिटामॉल कुत्र्याला किलोमागे शंभर मिलिग्रॅमला यकृताला लागतं. आपल्या नेहमीच्या ६५० च्या एका गोळीत पाच किलोला १३० पडतात. घरात कुणाचे क्षयाचे उपचार चालू असतील तर आयसोनियाझिड कुलपात. त्यानं न थांबणारे झटके येतात आणि उतारा म्हणून व्हिटॅमिन बी-६ शिरेतून द्यावं लागतं; हे डॉक्टरांना फोनवरच सांगितलं तर ते मागवून ठेवतील. आणि हो, होळीची किंवा महाशिवरात्रीची भांग. डोलणारं, दचकणारं, थेंबथेंब मुतणारं पिल्लू बघून डॉक्टर ओळखतीलच, पण लाजेनं लपवलंत तर नको त्या तपासण्यांत तास जातो.

झाडांतली कण्हेर, बिट्टी, गच्चीवरचं अडेनियम हृदयावर जातात. सायकस यकृतावर, सोसायटीच्या फाटकाशी तेच हटकून का लावतात देव जाणे. कुंड्यांत एरंडीची पेंड घालू नकोस, तिच्या वासावर कुत्री तुटून पडतात आणि तिच्यात रायसिन हे विष उरलेलं असू शकतं.

डॉक्टर ‘घरी ठेवा, लक्ष ठेवा’ म्हणाले तर लक्ष म्हणजे काय ते विचारून घे. माझ्या मते, हिरड्या दर दोन तासांनी: बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हव्यात. पांढऱ्या, निळ्या, चॉकलेटी दिसल्या तर निघायचं. पाणीसुद्धा ठरत नाही, पुढचे पाय टेकून ढुंगण वर करून ताणतंय, पोटाला हात लावू देत नाही, तरी निघायचं. शी झाली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. अडथळ्याच्या पुढचं आतडं रिकामं होतच असतं. दोन-तीन दिवस प्रत्येक शी काडीनं उकलून बघ आणि वस्तू सापडली की तुकडे जुळवून पूर्ण आहे का बघ. झटका आला तर तोंडात हात घालायचा नाही, घड्याळ लावायचं. पाच मिनिटांवर गेला तर तो थांबायची वाट न बघता उचलायचं.

पिल्लू यायच्या आधी एक काम कर. रात्री अकराला ज्या दवाखान्यात फोन उचलतात असे दोन नंबर शोध, आणि खरंच रात्री अकराला लावून बघ. दुर्बीण आहे का, रात्री भूल देणारा कुणी असतो का, विचार. परळचं बैलघोडा हॉस्पिटल दूर पडलं तरी त्याचा नंबर तिसरा ठेव. सरकारी १९६२ या नंबरवर फिरतं पथक मिळतं, पण त्यांचा भर गाई-गुरांवर, ते तुझ्या गावाकडच्या घरासाठी. हे सगळं कागदावर, पिल्लाच्या वजनासकट, फ्रिजवर. वजन दर रविवारी खोडून नवीन लिही, या वयात आठवड्याला अर्धा-एक किलो वाढतं.

नाव काय ठरलं ते कळव. काकूंना नमस्कार, आणि डबा वरच्या फळीवर नाही, बंद कपाटात.

तुझा,
अरुण