सुवर्णरोखे कुठे गेले? केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
यांस सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात जळगावच्या सराफ बाजारात पत्नीच्या पाटल्या मोडल्या. चाळीस वर्षांत त्या आतल्या बाजूने झिजल्या होत्या. काट्यावरचे वजन पाहून ती काहीच बोलली नाही. मुलीच्या मंगळसूत्रासाठी नवे सोने घेणे माझ्या पेन्शनमध्ये बसत नाही.

ही वेळ टळली असती. घरात सोने साठवू नका, सुवर्णरोखे घ्या, म्हणजे सोन्याच्या भावाने पैसे सरकारला द्या, मुदतीनंतर तेव्हाच्या भावाने परत घ्या, वर आधी पावणेतीन आणि पुढे अडीच टक्के व्याज घ्या, असे नोव्हेंबर २०१५ पासून सरकारच सांगत होते. मार्च २०२४ मध्ये मुदत ठेव मोकळी झाली, ती रक्कम मी पुढच्या रोख्यांसाठी राखून ठेवली. परंतु फेब्रुवारीत ग्रॅमला ६,२६३ रुपयांनी झालेली विक्री शेवटचीच ठरली. दर महिन्याला बँकेच्या खिडकीवर 'अजून परिपत्रक नाही, काका' एवढेच उत्तर मिळे. रोख्यांतून घेतलेले हे कर्ज सरकारला महाग पडते, असे कारण कळले ते २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर, आणि त्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला.

भाव का चढला, हे सरकारला आमच्याआधी ठाऊक होते. २०२२ मध्ये रशियाची परकीय गंगाजळी गोठवली गेली, तेव्हा दुसऱ्या देशाच्या कर्जरोख्यांत ठेवलेला पैसा एका आदेशाने अडकतो, हे सर्वांनी पाहिले. त्यात अमेरिकेचे कर्ज ३६ लाख कोटी डॉलरपुढे गेले. जगातल्या मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षे दरसाल हजार टनांहून अधिक सोने घेतले, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेने एकट्या २०२४ मध्ये सत्तर टनांहून अधिक. तिने योग्यच केले. १९९१ मध्ये देशाचे सोने गहाण पडलेले आमच्या पिढीने पाहिले आहे. पण कर्जबाजारी सरकारे आपले चलन स्वस्त होऊ देतील, ही जी भीती तिला वाटते, तीच आम्हालाही वाटते. आपल्याच २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात नुसत्या व्याजासाठी १२ लाख ७६ हजार कोटी रुपये धरलेले आहेत.

रोख्यांच्या पैशातून तेवढेच सोने घेऊन ठेवले असते, तर भाववाढीचा बोजा तिजोरीवर पडला नसता. ते केले नाही, ही चूक सरकारची. तिची किंमत मात्र ठेवीदाराने मोजली. मोठ्यांना वाट काढून देणारे सल्लागार असतात, आम्हाला परिपत्रकाचीच वाट पाहावी लागते.

रोखे सोन्याच्या पाठबळासह पुन्हा सुरू करावेत, अथवा ते कायमचे बंद झाले असे लेखी जाहीर करावे. धाकटीच्या लग्नाला दोन वर्षे आहेत, आणि आमची उरलेली ठेव येत्या जूनमध्ये मोकळी होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जळगाव