पदकं न चिकटवल्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

चारचौघांत केलेलं कौतुक तुम्हाला रुचत नाही. तरी हे पत्र उघडच लिहिते आहे, कारण तुम्ही वाचवलेल्या आमच्या पणजोबांच्या फोटोसारखे पलटणीतल्यांचे जुने फोटो कोकणात घरोघरी आहेत, आणि गणपतीला चाकरमानी आले की ते ‘नीट करून’ आणायचा बेत कुणीतरी आखतंच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणातल्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा पणजोबांचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला. तुम्ही फोनवर बजावलंत, की ओढू नका, वाळूही देऊ नका, काचेसकट थंड, स्वच्छ पाण्यात ठेवा. म्हणून चेहरा वाचला. डावा खांदा आणि बुटाची टोकं गेली.

पण खरे आभार मानायचेत ते त्यापुढच्या गोष्टीसाठी. घरच्यांना खांदा भरून हवा होता, फोटो रंगीत हवा होता, आणि आमच्या दुसऱ्या एका काकांना पणजोबांच्या छातीवर दोन पदकं हवी होती. तुम्ही भिंग लावून पुठ्ठ्यावरचा मुंबईच्या स्टुडिओचा ठसा दाखवलात. “हा फोटो बोटीत चढायच्या आधीचा. ती पदकं निघाली पहिलं महायुद्ध संपल्यावर. मग आधीच कुठून आणू?” ते काका गप्प झाले, आणि आमच्या घरात हे सहसा घडत नाही.

मग मागचा पडदा दाखवलात. संगमरवरी खांब, महिरप, दुमडलेलं मखमली कापड, सगळं रंगवलेलं. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, चिखलाचा त्यात मागमूस नाही. पणजोबा तिथे ११० व्या मराठा पलटणीत होते. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यानंतर पणजोबांची खबर नाही. तिकडची भूक कोणत्या स्टुडिओने टिपली असती?

त्या दुपारी तुम्ही संगणकावर जे दाखवलंत ते अजून डोक्यात आहे. क्रिमियाच्या युद्धातल्या एकाच घळीचे रॉजर फेंटनने १८५५ मध्ये काढलेले दोन फोटो. एकात तोफगोळे रस्त्यावर पसरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. लखनौच्या सिकंदरबागेत लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये. फेलिस बिआतो तिथे पोचला १८५८ मध्ये, आणि तरी त्याच्या फोटोत अंगणभर हाडं विखुरलेली. १९१५ मध्ये गर्डवुडने फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांचे फोटो काढले. त्यातली काही दृश्यं आघाडीच्या मागे मुद्दाम उभी केलेली. मला वाटलं, तुम्ही म्हणाल की सगळे खोटारडे. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, “हे कुणी, कुणाला दाखवायला काढलं?”

मग आलात बोरिवलीच्या एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळांवर. खालच्या पट्ट्यांत लढाई, काहींवर वल्ही असलेली जहाजं, वर अप्सरा आणि शिवपूजा. तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाच्या या खुणा असाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. मला तर वीरगळ फोटोपेक्षा प्रामाणिक वाटतो. अप्सरा खरोखरच उतरल्या, असं पाथरवट कुणाच्या गळी उतरवत नाही. फोटोवर मात्र आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. (डोळे मिटून फोटो बघणं, हे आम्हीच करू जाणे!)

बसऱ्याच्या स्मारकाची गोष्टही तुमच्याकडूनच कळली. मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचं ते स्मारक. तिथे ब्रिटिशांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. आमच्याकडे निदान चेहरा आहे आणि त्याखाली लिहायला नावही आहे. त्यावर चार पैशांचं नकली शौर्य चिकटवलं असतं, तर पुढच्या पिढीने तेच खरं धरलं असतं.

आता पडवीत फाटक्या खांद्यासकट प्रत लागली आहे. खाली नाव, पलटण, आणि ‘मुंबईतल्या स्टुडिओत, निघण्यापूर्वी’ एवढंच. मूळ फोटो तुम्ही दिलेल्या जाड कागदाच्या पाकिटात, माळ्यावरच्या दमटपणापासून लांब ठेवला आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान चतुर्थीला मोदक खायला तरी या, आणि भिंग घेऊन या. मामाकडे पलटणीचा एक ग्रुप फोटो सापडलाय, मागच्या रांगेतल्या दोघांवर कुणीतरी शाईने फुल्या मारल्यात. मामा म्हणतो, ते मेलेले. मामी म्हणते, ते भाऊबंदकीतले.

आपली,
चिपळूणची पुतणी