पहिल्या तारखेला निकाल लागत नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोळा झाला की आमच्याकडे बांधावरून, जुगारावरून मारामाऱ्या होतात आणि एक-दोन दिवसांत तालुका कोर्टाच्या आवारात त्याच घरची माणसे घोळका करून उभी असतात. कोर्टात लिपिक म्हणून नोकरी केल्याने हे दृश्य मला नवे नाही. प्रत्येक बापाचा प्रश्न एकच, "आज निकाल हाय का साहेब?" तोवर उभ्या कापसावर उचल घेतलेली रक्कम 'आजच सोडवतो' म्हणणाऱ्याच्या खिशात गेलेली असते.

त्या दिवशी, म्हणजे अटक झालेल्याला पहिल्यांदा कोर्टात उभे करतात तेव्हा, निकाल लागत नाही. साक्षीदार येत नाहीत, गुन्हा केला की नाही हेही ठरत नाही. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे राज्यघटनेच्या कलम 22 नुसार बंधनकारक आहे. मध्ये रविवार आला म्हणून ही मुदत वाढत नाही. त्याआधी सरकारी दवाखान्यात तपासणी होते. मग कोर्टात प्रश्न एवढाच, की पोलिसांना चौकशीसाठी माणूस आणखी हवा का, आणि का हवा. हवा असेल तर पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी, नसेल तर एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी (जेल), नाहीतर जामीन.

एमसीआर झाला की बायाबापड्या "पोरगा जेलात गेला" म्हणून रडू लागतात. वास्तविक बहुतेक प्रकरणांत जामिनाच्या अर्जाला खरी गती तेव्हाच येते. मात्र 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) पोलिस कोठडीचे एकूण 15 दिवस सलग घ्यावे लागत नाहीत. गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत ते तुकड्यांनी मागता येतात, त्यामुळे एमसीआरनंतरही पोलिस पुन्हा ताबा मागू शकतात. हे घरच्यांना कुणी सांगत नाही.

माझ्या मते कोर्टापुढच्या त्या पाच-दहा मिनिटांतला सर्वांत मोलाचा क्षण वेगळाच आहे. न्यायदंडाधिकारी साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" शिपाई कोपराला कोपर लावून उभा, आणि पोरगा खाली मान घालून म्हणतो, "नाई साहेब." तेच कागदावर उतरते. पुढे मारहाणीची तक्रार केली की हाच कागद पुढे येतो. मारले असेल तर तिथेच सांगावे, वळ दाखवावे. आदल्या संध्याकाळी वावरातून उचलले आणि अटक दुसऱ्या दुपारची दाखवली असेल तर तेही सांगावे, कारण 24 तास मोजायचे कुठून हा वाद तिथूनच सुरू होतो. अटकेची कारणे आपल्याला समजेल अशा भाषेत लेखी मिळाली का, हे साहेबांना सांगण्याची जागाही हीच.

वकील नसेल तर "मला वकील नाही" एवढे म्हणणे पुरते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते आणि 15100 हा क्रमांक फुकट लागतो. सरकारी वकिलाला आपला समजून सगळी हकीकत सांगून बसणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. तो तर समोरच्या बाजूचा!

जामीन मंजूर झाल्यावर जामीनदाराचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला यांसाठी होणारी तहसीलची वणवण हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

ही माहिती पोलिस ठाण्याच्या भिंतीवर ठळक मराठीत असावी, मेळघाटात कोरकूतही असावी, आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा वाचून दाखवावी. आपले वृत्तपत्र रोज अटकेच्या बातम्या छापते. त्या बातम्यांखाली 15100 हा क्रमांक छापायला जागा फारशी लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ