मंजे, तिने ताळा केला होता

प्रिय मंजे,

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, ते ठाऊक आहे. त्यावरचं भाषण उत्तरात नको. तब्येत बरी. बी-१२च्या गोळ्या चालू, ह्यांचं बीपी आटोक्यात. झालं.

ताईची चिऊ यंदा तिकडे न्यू जर्सीत प्रीकॅल्क्युलसला (कॅल्क्युलसच्या आधीचं गणित) आहे. अडलं की वहीचा फोटो येतो. तिकडे रात्रीचे नऊ, इथे सकाळचे साडेसहा, त्यामुळे चहा हमखास उतू जातो. कालचं गणित बघ:

√(२क्ष + ३) = क्ष

तिने दोन्ही बाजूंचा वर्ग केला: २क्ष + ३ = क्ष². मग क्ष² − २क्ष − ३ = ०, मग (क्ष − ३)(क्ष + १) = ०, म्हणून क्ष = ३ किंवा −१. दोघांभोवती गोल. पुस्तकातल्या उत्तरांत मात्र एकटा ३. खाली प्रश्न: "मावशी, यातली कुठली ओळ चुकली?"

आता तू म्हणणार, "ताळा कर म्हणावं." थांब जरा. तिने ताळा केला होता! समासात बारीक अक्षरात लिहिलंय: क्ष = −१ ठेवला, √(−२ + ३) = √१ = ±१, त्यात −१ आहेच, म्हणून बरोबर. पुढे खूण.

हे वाचून मला तूच आठवलीस. होस्टेलवर तू टेबलावर हात आपटून सांगायचीस की वर्गमुळाच्या समीकरणात ताळा पुरतो, बाकीची "जर-तर"ची कीर्तनं परीक्षेत कुणी वाचत नाही. मी म्हणायचे, आधी बाण बघ, पायरी खालून वर परत जाते का ते बघ. ते भांडण मेसच्या वरणासारखं रोज तेच असायचं. तर घे, ही पोर तुझ्याच मार्गाने गेली आणि तुझाच ताळा तिला फसवून गेला. ताळा ज्याच्या आधारावर करायचा तो आधारच वाकडा असेल, तर ताळा काय करणार?

वाकडेपणा कुठून येतो हे तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नववी-दहावीत क्ष² = ९ सोडवताना मुलं क्ष = ±√९ = ±३ लिहितात. पुढे मधली पायरी गळते आणि ± घसरत घसरत मुळाच्या चिन्हाला जाऊन चिकटतो. √९ म्हणजे ३, फक्त ३. ± समीकरण सोडवणाऱ्याने आणलेला असतो, चिन्हाच्या पोटात तो नसतो. हे "नियम" म्हणून सांगितलं की मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यापेक्षा वर्गसमीकरणाचं सूत्र तिच्यापुढे ठेवून एवढंच विचारायचं: मुळाच्या चिन्हात अधिक-उणे दोन्ही असतील, तर सूत्रात √ च्या आधी ± कशाला लिहिलाय? ह्या प्रश्नावर भली भली गप्प होतात. मग √(क्ष²) = |क्ष| आपोआप गळी उतरतं, नाहीतर ते जन्मभर क्ष च राहतं.

पण तिच्या खऱ्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. कुठली ओळ चुकली? एकही नाही. प्रत्येक ओळ खरी, आणि उत्तर खोटं. गृहपाठात मदत म्हणजे चुकलेल्या ओळीवर बोट ठेवणं, अशी सवय आपण मुलांना लावतो, आणि इथे बोट ठेवायला जागाच नाही.

मी तिला एक काम दिलं. −१ घे आणि खालून वर चढ. शेवटची ओळ, (−४)(०) = ०, खरी. तिच्या वरची, १ + २ − ३ = ०, खरी. त्याच्या वर, २क्ष + ३ = क्ष², म्हणजे १ = १, खरी. सगळ्यात वर, √१ = −१. खोटी. म्हणजे पाहुणा वर्ग करताना शिरला. खाली जाणारा बाण आहे, वर येणारा नाही: अ = ब असेल तर अ² = ब², पण अ² = ब² वरून अ = −ब सुद्धा निघतं. आणि −१ काही हवेतून आलेला नाही. तो −√(२क्ष + ३) = क्ष या सख्ख्या बहिणीचं उत्तर आहे. वर्ग केल्यावर दोघी बहिणी एकसारख्या दिसतात, म्हणून दोघींची उत्तरं एकाच ताटात येतात. डेस्मॉसवर, त्या आलेख काढणाऱ्या ॲपवर, दोन्ही आलेख काढ म्हटलं. वरची अर्धी वक्ररेषा तिरप्या रेषेला ३ वर छेदते, खालची −१ वर. त्यांच्या एसएटीत, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेत, डेस्मॉस आतच दिलेलं असतं, म्हणून बोटं तिथे सराईत आहेत. मूळ समीकरण टाकलं की एकटा ३ दिसतो हे तिला दिसतंच, का ते दिसत नाही.

माझी काळजी पुढे आहे, मंजे. आता ती प्रत्येक गणिताखाली ताळा ठोकेल, आणि ताळा फक्त जास्तीचं पकडतो. हरवलेलं पकडत नाही. क्ष² = ५क्ष ला क्ष ने भागलं की क्ष = ५. ताळा? २५ = २५. झकास. आणि शून्य गेलं ते गेलंच. त्रिकोणमितीत तर हे सर्रास: साइन २क्ष = कोसाइन क्ष, ० ते २π मध्ये. २ साइन क्ष कोसाइन क्ष = कोसाइन क्ष लिहून दोन्हीकडचा कोसाइन उडवायचा, साइन क्ष = १/२, उत्तर π/६ आणि ५π/६. दोन्ही ताळ्यात पास. π/२ आणि ३π/२ कुठे गेले? कोसाइन शून्य असेल तिथे भागायचा अधिकारच नव्हता. सगळं एका बाजूला घेऊन कोसाइन क्ष (२ साइन क्ष − १) = ० लिहिलं की चारही हाताशी येतात. म्हणून मी तिला सांगितलंय की भागाकार करताना शेजारी लिही, "हे शून्य असेल तर?", आणि तो रस्ता वेगळा सोडव. उत्तर हातात नसताना खालून वर चढता येत नाही, हा याचा त्रास.

उलट साइन क्ष + कोसाइन क्ष = १ घेऊन वर्ग केला तर साइन २क्ष = ०, त्याच टप्प्यात (२π सोडून) ०, π/२, π, ३π/२. शेवटचे दोन −१ देतात, ते टाकायचे. लॉगमध्येही तेच. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १, पाया १०, वरून क्ष² − ३क्ष − १० = ०, म्हणजे ५ किंवा −२; −२ चा लॉगच नाही. इथे मात्र वर्ग कुणी केलेला नाही, दोन लॉग एकत्र करताना प्रांत, म्हणजे क्ष ला चालणाऱ्या किमतींचा आवाका, रुंदावला. "वर्ग केला तरच ताळा" असं घोकलेलं पोर इथे आपटतं.

असमानता हा तर वेगळाच तमाशा. (क्ष + १)/(क्ष − २) ≥ ३ ला क्ष − २ ने गुणून मोकळं व्हायचं आणि क्ष ≤ ७/२ लिहायचं. क्ष = ० ठेवून बघ, −१/२ येतो. गुणायचंच तर (क्ष − २)² ने, ते ऋण नसतं: (क्ष − २)(७ − २क्ष) ≥ ०, आणि २ वगळून २ < क्ष ≤ ७/२.

फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲपं तिच्याकडे आहेतच, आणि पायऱ्या बहुतेक बरोबर असतात. त्यावर मी रागावत नाही (तू रागावशील). पण ॲपला फक्त गणिताचा फोटो जातो, तिच्या वहीचा नाही, आणि √१ = ±१ वहीच्या समासात होतं. म्हणून माझी अट: पूर्ण पानाचा फोटो, खाडाखोडीसकट. खोडरबर बंद. परवा तिचं साइन ३० = −०.९८८ आलं तेव्हा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे हे आकड्यावरूनच कळलं, पण दर वेळी इतकं सोपं नसतं.

हो, एक गंमत तुझ्यासाठी. ३क्ष² + ५क्ष − १ = ० पूर्ण वर्ग पद्धतीने करताना ती ३ ने भागून २५/३६ मध्ये रुतून बसली. मी जुने गणिती श्रीधराचार्य यांची रीत दिली, भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात उद्धृत केलेली: आधी क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे १२ ने गुण. ३६क्ष² + ६०क्ष = १२. दोन्हीकडे ५ चा वर्ग मिळव: (६क्ष + ५)² = ३७. अपूर्णांक शेवटच्या ओळीपर्यंत फिरकत नाही. तिच्या मॅडमनी विचारलं, ही पद्धत कुठली? पोरीने चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने काढलेला मठ, सगळं सांगून टाकलं. मीच पढवलं होतं.

तुझं काय? बदलीचं काय ठरलं, सासूबाईंचा गुडघा, घराच्या फरशीचं भांडण, सगळं एका पानात लिही. तुषारच्या बारावीचा निकाल लागला की फोन कर, आधी नाही.

आणि खरं सांग: तू तुझ्या अकरावीला हे आधी काय शिकवतेस, जास्तीची मुळं की हरवलेली? चिऊला पुढच्या आठवड्यात पाठवायची दहा गणितं मी काढतेय आणि क्रम जमत नाहीये. तुझ्या असमानतेच्या जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर त्याही पाठव. ताळ्यावर मार्क न दिलेल्या.

तुझीच,
सुमी